बर्नआउट झालेल्या हळव्या माणसाने थेरपी कशी घ्यावी

समोरच्याच्या कपाळावरची बारीकशी आठीही ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, खोलीत पाऊल टाकताच तिथे नुकतेच काहीतरी बिनसले आहे हे ज्यांना कोणी न सांगता कळते आणि ज्यांच्यापाशी सगळे जण मन मोकळे करायला येतात, अशी माणसे एखाद्या टप्प्यावर आतून पार रिकामी होतात. बाहेरून हे चटकन दिसत नाही, कारण विचारपूस करण्याची सवय शेवटपर्यंत सुटत नाही. तिच्यामागचा ओलावा मात्र आटलेला असतो. ज्या व्यक्तीने वर्षानुवर्षे इतरांचे ऐकून घेतले, तिला स्वतःसाठी मदत मागणे जड जाते आणि मागितली तरी तिचा उपयोग कसा करून घ्यायचा हे उमगत नाही. मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि त्यात माझा बराच काळ वाया गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या सवयीने तुम्हाला थकवले, ती सवय तुमच्याबरोबर थेरपीच्या खोलीतही येते आणि तुम्ही थेरपिस्टलाही सांभाळून घेऊ लागता. हे ध्यानात आले नाही तर महिनोन्महिने सत्रे होत राहतात आणि हाती काही लागत नाही. ध्यानात आले तर जुनी सवय बदलून पाहण्यासाठी त्या खोलीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

सुरुवात कशाने करावी

थेरपिस्ट शोधण्याआधी आपल्याला नेमके काय झाले आहे याचा शक्य तितका अंदाज घ्यावा. बर्नआउट हा शब्द मानसशास्त्रात आणला तो हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात झटून काम करणारे स्वयंसेवक हळूहळू कसे गळून जातात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही जाणीव. व्याख्येप्रमाणे हे नोकरी-व्यवसायापुरते असले, तरी घरात एखाद्याची दीर्घकाळ शुश्रूषा करून आलेला शीण थेरपीत तितक्याच गांभीर्याने घेतला जातो; तेव्हा व्याख्येत बसत नाही म्हणून मागे राहू नये.

या तिन्हींपैकी दुसरे लक्षण हळव्या माणसाला सर्वांत जास्त घाबरवते. एखादी सहकारी रडत असते आणि आपल्या मनात फक्त एवढेच येते की हिने लवकर आवरावे. त्या क्षणी आपण वाईट माणूस झालो आहोत असे वाटते, त्या अपराधी भावनेपोटी आपण तिच्यासाठी आणखी धावतो आणि उरलासुरला जोरही संपवतो. ही बधिरता म्हणजे स्वभाव बिघडल्याची खूण नव्हे. फार काळ ताणल्या गेलेल्या मनाने स्वतःला वाचवण्यासाठी लावून घेतलेले ते दार आहे.

तरीही सगळा थकवा बर्नआउटच्या खाती टाकू नये. थायरॉइडचा त्रास, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे आणि झोपेत श्वास अडणे यांमुळेही असाच गळाठा येतो, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून साध्या तपासण्या करून घ्याव्यात. नैराश्याशीही याची गल्लत होते. ढोबळ फरक असा की निव्वळ बर्नआउटमध्ये कामापासून दूर गेल्यावर मनाला थोडी तरी उभारी येते, तर नैराश्यात आवडीच्या गोष्टीही बेचव लागतात आणि सुट्टीतही मन उचल खात नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतील लक्षणे विचारते. ती भरून पहिल्या भेटीत सोबत न्यावी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचार येत असतील तर थेरपिस्टची वेळ मिळण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेकडे जावे आणि जवळच्या एका तरी माणसाला ते सांगावे. इथे भीड नको.

राहिला प्रश्न हळवेपणाचा. एलेन आणि आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये संवेदनांचा खोलवर विचार करणाऱ्या या स्वभावगुणाची मांडणी केली आणि तो मोजण्यासाठी २७ विधानांची प्रश्नावली तयार केली. हा आजार नाही. माणसांची उंची जशी कमीजास्त असते तसा हा गुण सगळ्यांत कमीजास्त असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांपैकी सुमारे ३१ टक्के लोक या गुणाच्या वरच्या गटात मोडले, म्हणजे ही फार दुर्मीळ गोष्टही नाही. मात्र एक बाब थेरपिस्टशी आवर्जून बोलावी. लहानपणी घरातल्या मोठ्यांचा राग कधी उसळेल याचा नेम नसेल, तर मूल स्वतःच्या बचावासाठी चेहरे वाचायला शिकते आणि मोठेपणी तीच सावध नजर हळवेपणासारखी दिसते. पुष्कळांत दोन्ही असते. पण केवळ स्वभाव असेल तर त्याला अनुसरून दिनक्रम बेतावा लागतो आणि भीती असेल तर त्या जुन्या आघातावरच काम करावे लागते, म्हणून हा फरक आधी पाहिला जावा असा आग्रह धरावा.

थेरपिस्ट निवडताना

उपचारपद्धतींच्या नावांत फार अडकून पडू नये. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी, नको असलेल्या भावनांना जागा देऊन आपल्या मूल्यांप्रमाणे वागायला शिकवणारी एसीटी, आणि स्वतःला सतत टोचत राहणाऱ्यांसाठी पॉल गिल्बर्ट यांनी विकसित केलेली करुणाकेंद्री थेरपी, या तिन्हींचा अशा माणसांना उपयोग होऊ शकतो. दुसऱ्याचे मन कळणे म्हणजे समानुभूती, तिच्याविषयी कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये जे लिहिले ते मला या निवडीत सर्वांत कामाचे वाटते. त्यांचा आशय असा की समोरच्याचे अंतरंग जणू आपलेच आहे अशा रीतीने जाणावे, पण त्यातला ‘जणू’ कधीही सुटू देऊ नये. हळव्या माणसाकडून नेमका तो ‘जणू’ सुटलेला असतो, आणि थेरपिस्टकडे पाहत पाहत तोच त्याला पुन्हा शिकायचा असतो.

पहिल्या भेटीत दोन-तीन प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. दुसऱ्यांचे फार मनाला लावून घेणाऱ्या माणसांबरोबर तुम्ही कसे काम करता? प्रगती होत आहे हे आपण कशावरून ठरवणार? मला तुमचे एखादे बोलणे लागले तर ते मी कसे सांगावे असे तुम्हाला वाटते? शेवटच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यांना तो प्रश्न स्वागतार्ह वाटतो त्यांच्याकडे जावे. ज्यांच्या आवाजात ताठरपणा येतो त्यांच्यापासून दूर राहावे. ‘इतके मनाला लावून घेत जाऊ नका’ एवढ्यावर बोळवण करणारे जसे उपयोगाचे नाहीत, तसेच ‘तुम्हाला विलक्षण देणगी लाभली आहे’ असे सांगून फुगवणारेही नाहीत. दुसऱ्या प्रकारचे अधिक धोक्याचे, कारण थकलेल्या मनाला ते ऐकायला गोड लागते आणि मग थकण्याचाच अभिमान वाटू लागतो.

काही बाबी किरकोळ वाटतात, पण त्यांनी सत्र बिघडते. डोळ्यांवर येणारा दिवा, दाराबाहेरचे बोलणे, उग्र सुगंध यांचा त्रास होत असेल तर ते सांगून जागा बदलून घ्यावी. सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. त्यानंतर निदान अर्धा तास कोणतीही भेट किंवा बैठक ठेवू नये, कारण सत्रात ढवळलेले निवळायला या मनाला वेळ लागतो. ऑनलाइन सत्र असेल तर पडद्यावरची स्वतःची प्रतिमा बंद करावी, नाहीतर सगळा वेळ आपण कसे दिसतो आहोत हे तपासण्यातच जातो.

सत्रात नेमके काय करायचे

पहिल्या सत्राला जाण्यापूर्वी घरी एका कागदावर लिहावे: झोप कशी आहे, गेल्या महिन्यात कोणकोणत्या गोष्टींना मनात नसताना हो म्हटले, कोणाचा फोन आला की पोटात गोळा येतो, आणि सर्वांत लाज वाटणारा विचार कोणता. हा कागद सत्रात तसाच वाचून दाखवावा किंवा हातात द्यावा. याचे कारण साधे आहे. तोंडाने सांगू लागलो की समोरचा चेहरा दिसतो, त्यावरची काळजी दिसते आणि आपण पटकन सूर बदलून ‘तसे फार काही नाही’ म्हणून मोकळे होतो. कागदाला सूर बदलता येत नाही.

आता माझा अनुभव. माझ्या तिसऱ्या सत्रात समोरच्या बाईंना सलग दोनदा खोकला आला. मी तेव्हा आयुष्यातली अतिशय कठीण गोष्ट सांगत होते आणि ती मध्येच सोडून मी म्हणाले, “तुम्ही पाणी घेता का? आज लवकर आटोपले तरी चालेल.” त्यांनी पाणी घेतले, पेला खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, “आत्ता तुमचे बोलणे कुठे थांबले?” मला आठवेना. जे सांगायला मी दोन आठवडे धीर गोळा केला होता, ते एका खोकल्यासरशी मनातून पुसले गेले होते. दिवसभरात असे किती वेळा होत असेल याचा हिशेब मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा मांडला.

म्हणून माझी कळकळीची सूचना आहे की थेरपिस्टची काळजी वाटू लागली की ती लपवू नये आणि तिच्यामागे धावूही नये; ती मोठ्याने सांगावी. ‘तुम्ही दमलेल्या दिसता, त्यामुळे मला पुढचे सांगवत नाही.’ ‘तुम्ही दिलेला अभ्यास मी केला नाही, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केला असे सांगणार होते.’ ‘मागच्या वेळचे तुमचे एक वाक्य मला लागले.’ ही वाक्ये उच्चारताना छातीत धडधडते. पण ती उच्चारल्यावर समोरचे माणूस मोडत नाही, रागावत नाही, नाते तुटत नाही, हे एकदा प्रत्यक्ष घडावे लागते. नुसते पटून भागत नाही. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतील नात्याचे तीन भाग सांगितले, ते म्हणजे ठरवलेले उद्दिष्ट, त्यासाठीची कामे आणि परस्परांतला बंध. हळवी माणसे बंध फार लवकर जुळवतात आणि उद्दिष्टाविषयी मात्र काही बोलत नाहीत. दर चार-पाच सत्रांनी ‘आपण ठरवलेल्या दिशेनेच चाललो आहोत का’ हा प्रश्न आपणच काढावा.

दुःख कोणाचे, जबाबदारी कोणाची

हा थेरपीचा गाभा आहे आणि इथे घाई करू नये. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधिकांनी समानुभूती आणि करुणा यांत महत्त्वाचा भेद दाखवला आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून ते आपल्याच अंगात भिनले तर मन कासावीस होते आणि तिथून पळून जावेसे वाटते. त्याच दुःखाकडे त्या माणसाचे भले व्हावे अशा भावनेने पाहिले तर मनात ऊब येते आणि जवळ थांबण्याचे बळ राहते. त्यांच्या प्रयोगांत केवळ समानुभूतीचा सराव केलेल्यांच्या क्लेशदायक भावना वाढल्या, आणि त्यानंतर करुणेचा सराव केल्यावर त्या उतरल्या. तेव्हा कमी वाटून घ्या असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये. वाटून घेणे थांबवायचे नसून त्याची दिशा बदलायची आहे.

याचा सराव वहीत करता येतो. दिवसातून एकदा, ज्या प्रसंगाने मन जड झाले तो प्रसंग एका ओळीत लिहावा आणि त्याखाली चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हे दुःख मुळात कोणाचे? माझ्या शरीरात ते आत्ता कुठे आहे? त्यात माझ्या हाती असलेले आणि माझ्याकडे मागितलेले काय? मी काहीही केले नाही तर उद्या प्रत्यक्षात काय होईल? समजा, मैत्रिणीचे तिच्या नवऱ्याशी पुन्हा वाजले आणि तिने रात्री तासभर फोनवर सांगितले. दुःख तिचे, माझ्या खांद्यांत आणि जबड्यात ते आवळून बसले आहे, तिने मागितले होते ते फक्त ऐकून घेणे, तोडगा मागितलाच नव्हता, मी काही केले नाही तर उद्या ती नेहमीप्रमाणे कामावर जाईल. तिसऱ्या प्रश्नातला ‘मागितलेले’ हा शब्द फार मोलाचा आहे. न मागितलेली मदत करण्यातच आपला निम्मा शीण असतो, हे बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांची पाने उलटल्यावर दिसते.

शरीरात आवळलेले सोडवण्यासाठी लांब उच्छ्वासाचा श्वास पुरतो: मिनिटाला सुमारे सहा श्वास या संथ गतीने, बाहेर सोडणे आत घेण्यापेक्षा लांब, पाच मिनिटे. मग पाय जमिनीवर टेकवून मनात म्हणावे की तिचे बरे होवो, आणि मी इथे आहे. पहिल्यांदा हे कृत्रिम वाटते. तरी करावे.

भीड मोडण्याचा सराव

नाही म्हणायला शिका, हा सल्ला सगळेच देतात आणि तो दिल्याने कोणाची भीड मोडलेली मी पाहिली नाही. भिडस्त माणसाला शब्द सापडत नाहीत असे नसते. नाही म्हटल्यानंतर येणारी अपराधी भावना त्याला सोसवत नाही. म्हणून सराव त्या भावनेचा करायचा. थेरपिस्टबरोबर बसून पायऱ्या ठरवाव्यात: आधी नुसते ‘बघून उद्या सांगते’ म्हणणे, मग अनोळखी माणसाला छोटा नकार, मग सहकाऱ्याला, आणि घरच्यांपैकी सर्वांत अवघड व्यक्तीला शेवटी. प्रत्येक वेळी अपराधीपणा दहापैकी किती आहे आणि तो किती वेळात निवळला हे नोंदवावे. तो लगेच जात नाही. सुरुवातीला रात्रभर पुरतो. पण त्याला शांत करण्यासाठी पुन्हा फोन करून हो म्हटले नाही, तर तो आपोआप उतरतो आणि पुढच्या खेपेला लवकर उतरतो. नकार देताना कारणांची माळ लावू नये, कारण दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो आणि आपण पुन्हा अडकतो. ‘या आठवड्यात मला जमणार नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे.

या काळात जवळची काही माणसे नाराज होतील. त्यांना तुमच्या जुन्या वागण्याची सवय झालेली असते, त्यामुळे त्यांचा राग आला म्हणजे आपले चुकले असे धरू नये. ज्यांना तुमची खरी माया आहे ती थोड्या दिवसांत रुळतात.

जे थेरपीने होणार नाही

क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे कामाच्या सहा अंगांत शोधली: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला व दाद, सहकाऱ्यांतला आपलेपणा, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. यांतली चार-पाच अंगे बिघडलेली असतील तर श्वासाचे व्यायाम आणि वह्या भरून ते दुरुस्त होणार नाही, आणि थेरपीने तिथेच टिकून राहायला शिकवावे अशी अपेक्षाही धरू नये. हळवी माणसे कामाच्या ठिकाणचा अन्याय ‘मीच जास्त मनाला लावून घेते’ म्हणून पोटात घालतात. सहा अंगे एकेक करून थेरपिस्टसमोर तपासावीत आणि मग ठरवावे की वरिष्ठांशी बोलायचे, कामाची वाटणी बदलून मागायची, रजा घ्यायची की ती जागाच सोडायची. रजेने शीण उतरतो, पण त्याच टेबलावर, त्याच बोजाकडे परत गेले की तो लवकरच पुन्हा चढतो. म्हणून रजेवर जातानाच परतल्यावर कोणते काम अंगावर घ्यायचे नाही हे लेखी ठरवून घ्यावे.

धीर देणारी एक गोष्ट मात्र आहे. लंडनमधील शाळकरी मुलींसाठी नैराश्य टाळण्याचा एक कार्यक्रम घेण्यात आला, त्याविषयीच्या २०१५ मधील अभ्यासात ज्या मुलींची संवेदनशीलता जास्त होती त्यांनाच त्याचा फायदा झालेला दिसला. मुलींवरचा निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ज्या स्वभावावर वाईट गोष्टी खोल उमटतात त्याच्यावर चांगल्या गोष्टीही खोल उमटतात, हे त्यातून सुचते, आणि माझा अनुभवही तोच आहे.

थेरपी थांबवताना

बरे वाटू लागल्याची खूण म्हणून आनंद शोधू नये. तो उशिरा येतो. त्याआधी झोपेतून उठताना छातीवरचे ओझे कमी झालेले असते, कोणाचे ऐकताना घड्याळाकडे नजर जात नाही, आणि कोणी रागावले तरी जेवण जाते. यांतले दोन-तीन बदल काही आठवडे टिकले की सत्रांमधले अंतर वाढवण्याविषयी बोलावे, आणि पुन्हा घसरण सुरू झाली तर कोणती लक्षणे आधी दिसतील ते थेरपिस्टबरोबर लिहून ठेवावे. माझ्या यादीत पहिले आहे ते फोन वाजल्यावर उचलण्याआधी येणारा उसासा.

हळवी माणसे थेरपी बहुधा चुकीच्या रीतीने सोडतात. समाधान झाले नाही हे तोंडावर सांगवत नाही, म्हणून पुढची भेट रद्द केल्याचा संदेश पाठवतात आणि मग गप्प राहतात. किंवा उलट, थेरपिस्टला वाईट वाटेल म्हणून गरज संपल्यावरही जात राहतात. थांबायचे असेल तर निदान दोन सत्रे आधी समोरासमोर सांगावे, काय उपयोगी पडले आणि काय नाही पडले हे दोन्ही सांगावे, आणि शेवटच्या सत्रात निरोप घेताना थेरपिस्टच्या चेहऱ्यावर काही दिसले, तरी त्याचा अर्थ लावत न बसता दार लोटून बाहेर यावे.